हरलेल्याचं पान पहिलं

माझ्या भावाला वांगं आवडत नाही. लहानपणी ताटात वांगं दिसलं की तो असं तोंड करायचा, जशी काय आईनं पाल शिजवून वाढलीय. आणि आमच्या आईचा नियम कडक, ताटात काही टाकायचं नाही. मग आई चुलीकडे वळली रे वळली की दादा वांगं माझ्या ताटात सरकवायचा आणि मी ते गपकन गिळायची. मला तरी कुठे एवढं आवडत होतं! पण माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा असलेला दादा तेवढ्यापुरता माझ्यापुढे हात जोडायचा. तेवढ्यासाठी मी टोपलीभर वांगी खाल्ली असती.

माझं माहेर कर्जतच्या बाजूला आणि सासर खालापूर तालुक्यात, खोपोलीच्या अलीकडे. दोन्ही गावं कबड्डीची. आमच्या पोरांना चालता येण्याआधी घोटा धरता येतो असं लोक म्हणतात, ते काही अगदीच खोटं नाही. भात झोडून झालं, खळी मोकळी झाली की सामने सुरू. आणि ह्या दोन गावांत एक जुनी रीत आहे. फायनल झाली की जिंकलेल्या गावानं हरलेल्या संघाला जेवू घालायचं. हरलेला संघ जो माणूस घेऊन आला असेल, त्या कारभाऱ्याचं पान पहिलं. जिंकलेल्या संघाच्या कारभाऱ्यानं ते स्वतःच्या हातानं वाढायचं, आणि पहिला घास घेतला गेल्याशिवाय पंगतीत कुणी भाताला हात लावायचा नाही. पंगत देवळासमोर, म्हणून मटण नाही. भात, तांदळाची भाकरी आणि वाल-वांग्याची भाजी. ही रीत कुणी घातली ठाऊक नाही, पण घालणारा शहाणा होता. हरलेल्याला उपाशी घरी पाठवलं तर तो वाटभर राग चघळत जातो, एवढं त्याला नक्की कळत होतं.

माझं लग्न ह्याच पंगतीत जमलं. तेव्हा आमच्या गावचा संघ दादाच घेऊन फिरायचा, चढाईला उभा राहायचाही तोच. आणि समोरच्या गावचे कारभारी होते आमचे हे. शेवटच्या चढाईत ह्यांनी दादाचा घोटा असा धरला की दादाचा हात मध्यरेषेपासून वीतभर अलीकडेच राहिला. सुटायच्या धडपडीत दादाची लाथ बसून ह्यांचा ओठ फुटला. त्याच फुटक्या ओठानं हसत ह्यांनी दादाला पहिलं पान वाढलं.

घरी आल्यावर दादा आईला म्हणाला, "पोरगा चांगला हाय. ओठातनं रगत येतंय नि मला इचारतोय, अजून भाकरी देऊ का? आपली पोर तिथं द्यायची."

मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तू शेजारी नव्हतीस, म्हणून आज वांगं खावं लागलं गं. परक्याच्या पंगतीत टाकता येईना."

गावानं त्याला वर्षभर पिडलं, सामना हरला नि बहीण देऊन आला म्हणून. तो हसायचा. लग्नानंतर पहिल्या भाऊबिजेला आला, तेव्हा सासूबाईंच्या देखत त्यानं ताटातलं वांगं उचलून माझ्या ताटात टाकलं. "आता हे काय परकं घर नाय," म्हणाला. मी लाजेनं अर्धी झाले. सासूबाई मात्र हसल्या. त्यानंतर दर भाऊबिजेला मी मुद्दाम एक भरलं वांगं त्याच्या ताटाच्या कडेला ठेवायची. तो ओरडायचा, "ए भवाने, पुन्ना वांगं?" मग ते मी खायचं. पंचवीसेक वर्षं हा आमचा खेळ चालला होता. आमचे हे म्हणायचे, तुमी दोघं कधी मोठी होणार नाय.

पाच वर्षांपूर्वीच्या भाऊबिजेला टीव्ही चालू होता. एवढीच माझी चूक. मी तो बंद करायला हवा होता. बातम्यांत आठ-दहा माणसं एकाच वेळी ओरडत होती, देश कुणाचा, कुणी बुडवला, कुणी वाचवला. हे एका बाजूचे, दादा दुसऱ्या. ते मला आधीपासून माहीत होतं, पण मत हे काय, वांग्यासारखंच असायचं आमच्या घरात. कुणाला आवडतं, कुणाला नाही. त्या दिवशी मात्र बोलता बोलता आवाज चढला. हे म्हणाले, "तुमच्यासारखे देशद्रोही घराघरात बसलेत म्हणून ही वेळ आली." दादा म्हणाला, "आनि तू आंधळा भक्त. डोळं फुटलंत तुझं." मी भाकरी घेऊन आले तर दादा ताटावरून उठला होता. अर्ध्या जेवणातून. मी अजून ओवाळलंही नव्हतं.

बाई गं, आमच्याकडे शिव्यांना काय तोटा आहे? सामन्यात एकमेकांच्या सात पिढ्या काढतील आणि संध्याकाळी एका बिडीवर बसतील. पण हे शब्द आमचे नव्हते. ह्या दोघांनी ते जन्मात कधी तोंडातून काढले नव्हते. ते टीव्हीतून शिकले, आणि पहिल्यांदा वापरले ते माझ्या घरात, माझ्या भावावर आणि माझ्या नवऱ्यावर.

मी त्या दिवशी त्याचं ताट उचललं तेव्हा वांगं कडेला तसंच होतं. ते मला खाववेना. गाईला घातलं.

त्यानंतरच्या पाच भाऊबिजा मी चंद्राला ओवाळलं. ज्या बाईला भाऊ नसतो ती त्या दिवशी चंद्राला ओवाळते. बीजेची कोर जराशीच दिसते, डोंगरामागे गेली की संपलं, म्हणून दिवेलागणीला ताट घेऊन अंगणात धावायचं. शेजारणी बघायच्या. तीस किलोमीटरवर माझा भाऊ धडधाकट जिवंत होता, मोटारसायकल होती त्याच्याकडे, आणि मी निरांजन घेऊन आभाळाकडे बघत उभी. संताप यायचा मला. देवाचा नाही, त्या दिल्लीतल्यांचा. अहो, ते एकमेकांच्या पोरांच्या लग्नाला जातात! शेजारी शेजारी बसून जेवतात, हसून फोटो काढतात, मी स्वतः मोबाईलवर बघितलंय. आणि आमच्याकडे त्यांच्यापायी मयताला कोण आलं नि कोण नाही ते मोजतात. गावात गणपती दोन झाले. किराणा दुकानंसुद्धा वाटून घेतली मेल्यांनी. दिल्लीत कुणीही बसलं तरी त्याला माझ्या नवऱ्याचं नाव ठाऊक नाही, माझ्या भावाचंही नाही. हे मी ह्यांना एकदा सुनावलं. ते म्हणाले, "तुला त्यातलं कळत नाय." मला ताटावरून उठलेला भाऊ कळत होता, तेवढं पुरे होतं.

दोन वर्षांपूर्वी माहेरच्या संघानं जिल्ह्याची ढाल जिंकली. पहिल्यांदाच. संघाचा कारभारी दादा, आणि कर्णधार त्याचा मुलगा, माझा भाचा. मला कुणाचा फोन आला नाही. शेजारणीच्या मोबाईलवर फोटो बघितला, पोरांनी दादाला खांद्यावर घेतलंय, गुलालानं ओळखू येत नाही. मी ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "त्यांच्या पार्टीनं पैसा ओतलाय संघावर." कबड्डीत असं बोलणारा माणूस नव्हता हा. हरलेल्याला हातानं वाढणारा माणूस होता. मी आत गेले, डब्यातली चिमूटभर साखर तोंडात टाकली, आणि चुलीपुढे बसून रडले. आनंदानंही आणि रागानंही.

यंदा जिल्ह्याची फायनल आमच्याच मैदानावर ठरली, आणि फायनलला आले कोण? आमचं गाव आणि माझं माहेर. इकडचे कारभारी हे, तिकडचा दादा.

मला तीन रात्री झोप नाही. सामन्याची चिंता नव्हती हो. मी पानाचा विचार करत होते. माहेर जिंकलं तर ह्यांना दादाच्या गावात जाऊन त्याच्या हातचं जेवावं लागणार, आणि हे जाणार नाहीत, मी ओळखते ना. ऐन वेळी पाठ दुखेल. पण आमचं गाव जिंकलं तर दादा इथेच असणार, देवळापासून हाकेच्या अंतरावर. रीत मोडणाऱ्यातला तो नाही. तो जेवेल. तो जेवला की मी ओवाळीन. मग काय ते बोलणं, भांडणं, रडणं, सगळं होऊ दे. म्हणून मी देवाला हात जोडले. माझं माहेर हरू दे म्हणून देवाला नवस बोलणारी मी जगात एकटीच असेन.

आणि देवानं ऐकलं. दुपारचा सामना, मैदानाभोवती पाय ठेवायला जागा नाही. शेवटच्या मिनिटाला आम्ही एका गुणानं पुढे, आणि चढाईला भाचा. पोरगा डिट्टो दादा, तसाच वाकून यायचा. आमच्या कोपऱ्यातल्या पोरानं त्याचा घोटा धरला. ह्यांनीच शिकवलेली पकड. भाचा रेषेकडे हात लांब करून पडला, आणि रेष वीतभर राहिली. सगळं गाव नाचत होतं. माझा भाचा मातीत तोंड खुपसून रडत होता, आणि ते मी मागून घेतलं होतं.

पंगत बसली. त्यांची पोरं ओळीनं बसली, भाचाही हातपाय धुऊन बसला. दादा कुठे दिसेना. भाचा खाली मान घालून म्हणाला, "आत्या, बाबा टेंपोत हायत. तिथंच पाठव म्हनलेत."

टेंपो रस्त्याच्या कडेला उभा होता. पुढच्या सीटवर तो बसलेला मला देवळाच्या पायरीवरून दिसत होता. केस पांढरे झालेत सगळे.

ह्यांनी आढेवेढे घ्यायला सुरुवात केली. "खाली उतरत नाय तर मी कशाला जाऊ? दुसऱ्या कुनाच्या हातनं पाठव."

मग माझा तोल गेला. सगळ्या गावासमोर मी ह्यांना म्हणाले, "घोटा धरताना त्याच्या पायाला हात लागला तेव्हा विटाळ झाला नाही, आता ताट धरताना झाला काय? पंगत खोळंबलीय. जा मुकाट्यानं."

बायका पदराआड हसल्या. ह्यांनी हात पुढे केला.

ताट मी वाढलं. भात, दोन भाकऱ्या, वाल-वांगं. पातेल्यात डाव फिरवून फिरवून देठासकटची तीन वांगी शोधून काढली आणि मधोमध ठेवली. मला ठाऊक होतं, तो बोलणार नाही, ह्यांच्याकडे बघणार नाही. पण वांगी बघून गप्प बसणं त्याला जमणार नाही. टेंपोतून ओरडेल, ए भवाने. निदान ती वांगी टाकून ताट परत पाठवेल. मी ती खाईन, तिथेच, सगळ्यांसमोर उभी राहून. पदराखाली ओवाळणीचं तबक तयार ठेवलं होतं, निरांजनात वात घातलेली, काडेपेटी कमरेला.

हे ताट घेऊन गेले. लांबून काही ऐकू येत नव्हतं. दादानं ताट घेतलं, मांडीवर ठेवलं. हे शेजारी तांब्या धरून उभे राहिले, एक टेंपोत, एक खाली, दोघं दोन दिशांना बघत. पहिला घास घेतलेला दिसला तसा भाच्यानं मला मानेनं खूण केली आणि पंगत सुरू झाली. पोरांना काय, दोन घासांत ती एकमेकांशी बोलायला लागली. आमच्या कोपऱ्यातल्या पोरानं भाच्याच्या ताटात जास्तीची भाकरी टाकली. भाचा रडवेला हसला. मी बघतही होते आणि बघत नव्हते. माझे कान रस्त्याकडे होते.

हाक आली नाही.

थोड्या वेळानं हे ताट घेऊन परत आले. मी विचारलं, "जेवला?"

"जेवला."

"काय बोललान?"

"काय नाय. पाणी मागितलान फक्त." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मीच बोलायला पायजे होतं."

मी ताट हातात घेतलं. भात नाही, भाकरी नाही, वालाचा एक दाणा नाही. सगळं नीट पुसून खाल्लं होतं, आणि कडेला वांग्याची तीन देठं ओळीनं ठेवली होती.