पेरलेल्या घरातून तिरपं नाही

तिरपे पाऊल टाकण्याआधी सुतळी मागणारा माणूस साऱ्या बुलढाणा जिल्ह्यात एकच, आणि ते माझे साडू आहेत. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले, पिंपळगाव राजाला राहतात. त्यांच्या मुलीने पुण्याहून एक खेळ आणला होता. चौकटींचा मोठा नकाशा पसरायचा, प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचे, फासे टाकत आपली सोंगटी घराघराने हलवायची आणि राक्षसांशी लढत गोष्ट पुढे न्यायची. मुलगी नोकरीला निघून गेली, खेळ मात्र साडूभाऊंना चिकटला. दर रविवारी दुपारी त्यांच्या ओसरीत आम्ही जमायचो: मी, माझी बायको, तिची थोरली बहीण ताई, म्हणजे साडूभाऊंची मंडळी, आणि शेजारचे कृषी केंद्रवाले. गोष्ट सांगायची आणि न्यायनिवाडा करायचा साडूभाऊंनी.

आता सोंगटी तिरपी न्यायची तर किती पावले धरायची? पुष्कळ लोक सरळ एकच धरतात म्हणे. साडूभाऊंना ती चोरी वाटे. त्यांनी सुतळी लावून दाखवले की कोपऱ्यातून कोपऱ्यात अंतर जवळजवळ दीडपट भरते. म्हणून पहिल्या तिरप्या पावलाला एक, दुसऱ्याला दोन. वर आणखी एक घरचा कायदा. ज्या घरात तुरीचा दाणा ठेवलाय ते पेरलेले वावर; त्यातून तिरपे जायचे नाही, धुऱ्याधुऱ्याने, म्हणजे बांधाने, वळसा घालायचा. एकदा कृषी केंद्रवाले अगदी राक्षसाच्या तोंडाशी सापडले आणि साडूभाऊ सुतळी शोधायला आत गेले.

"मास्तर, राक्षस मले खाऊन राह्यला अन् तुमी सुतळी पाहून राह्यले!"

"खाऊ द्या. पन कायद्यानं खाऊ द्या," आतून उत्तर आले.

हे खेळापुरते असते तर ठीक. वडनेर भोलजीला एका नातलगाच्या शेतात आमच्यामागे आग्या मोहोळ लागले. मी जिवाच्या आकांताने सोयाबीनमधून तिरपा पळालो. हे गृहस्थ मात्र धुऱ्यावरून, काटकोनात वळून, माश्या अंगावर घेत आले. ओठ सुजून भजी झाले होते, तरी पहिले वाक्य काय? "काऊन तुडवलं वावर? पेरलेलं होतं ना ते!"

गेल्या वर्षी माझी बायको गेली. खेळात तिची सोंगटी कवडी होती, माझी चिंचोका. दिवसकार्य झाल्यावर मी पिंपळगावला जाणेच सोडले. साडूचे नाते बायकोवरून आलेले. आता तीच नाही तर त्या ओसरीत आपले काय काम, असे वाटायचे. मग एके दुपारी साडूभाऊ एसटीने खामगावला माझ्या दारात हजर.

"चला. तुमची पाळी हाय. खेळ थांबवून ठेवला."

"भाऊ, आता मी कोन्या नात्यानं येऊ?"

ते चक्क चिडले. "नात्याचं मले इचारू नका. चिंचोका तुमचा हाय, तो दुसरं कोनी हलवत नाही."

गेलो. नकाशा होता तसाच होता. कवडी तिने शेवटची ठेवली त्याच घरात, आणि त्याच घरात तिच्याशेजारी एक तुरीचा दाणा, जो आधी नव्हता. समोर राक्षस, पलीकडे किल्ल्याचे दार. कृषी केंद्रवाले सवयीने बोलून गेले, "तिरपा न्या ना तिकडून, लगेच पोचता."

"पेरलेलं हाय ते," साडूभाऊ हळूच म्हणाले.

मी वळसा घातला. वळशात पावले संपली, दार राहिले आणि राक्षसाने मला रीतसर खाल्ले. इतक्या समाधानाने मी आयुष्यात हरलो नाही. ताईंनी डोळे पुसत चहा आणला. त्या दिवशी त्या ओसरीत मला माझी जागा परत मिळाली, आणि साडूभाऊंचे हे उपकार मी कधी फेडू शकणार नाही.

आता दर रविवारी जातो. नवा चिंचोका, नवे राक्षस. कवडीचे घर तेच. दाण्याला भुंगा लागला की साडूभाऊ कोणाला न सांगता नवा ठेवतात.