पाचव्या नावाची हाक

माझे वडील, जयराम तांडेल, होडी घेऊन गेले ते परतले नाहीत. तेव्हा मी सात वर्षांचा. बरोबरच्या चार खलाशांची प्रेतं आमच्या मुरबे गावच्या किनाऱ्याला लागली. वडिलांचं नाही. तेव्हापासून आई सुक्या बोंबलांची पाटी घेऊन खाडीतल्या तरीने सातपाटीला उतरायची आणि तिथून चालत पालघरचा बाजार करायची... कपाळावर कुंकू लावून. प्रेत नाही, तर मरण नाही, म्हणायची. बाजारातल्या बायका तोंडावर बोलायच्या. त्या पाटीवर मी एम.ए. झालो. घराण्यात पहिला. हे मी अभिमानाने सांगतो.

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. आजही नाही म्हणेन... पण हे एक राहून गेलंय.

तारापूरला अणुवीज केंद्र उभं राहत होतं, त्या वर्षांतली गोष्ट. पालघरच्या कॉलेजात मी नवा लेक्चरर. मध्ययुगीन इंग्रजी धार्मिक साहित्याचा पेपर कुणालाच नको होता, म्हणून माझ्याकडे आला. एका रविवारी काका आले.

"पोरांना साहेबाचा देव शिकवतस, नि घरात ह्यो येडेपना? वीस वरसं झाली. पिंड दे नि मोकळा हो."

मला पटलं. शिकलेला माणूस मी. अमावास्या ठरली. म्हणजे त्या दिवशी आईचं कुंकू पुसायचं. ती बोंबील उलटत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराचं लेक्चर. नऊ विद्यार्थी, सगळे पुढच्या दोन बाकांवर, मागे रिकामं. प्रलयाचं नाटक शिकवत होतो. त्या काळी इंग्लंडात गावातले कारागीर बायबलातल्या गोष्टी रस्त्यावर करून दाखवत, आणि प्रलयातून तरलेल्या मोठ्या होडीची, तारवाची गोष्ट कधी कधी दर्यावर्दी लोकांकडे असे. पोरं कंटाळली होती. म्हटलं, होडीत माणसं कशी चढतात ते मी दाखवतो. आमच्यात होडी सुटताना तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, एकेकाला नावाने हाक मारायचा, खलाशाने "हाय" म्हणायचं, मगच नांगर उचलायचा. बुडालेल्याचं नाव मात्र त्या सुरात कधी घ्यायचं नाही, तो ओ देतो म्हणतात. मला ठाऊक होतं. पण तो सूर मी वडिलांकडूनच शिकलेला — तोंडातून त्यांच्याच खलाशांची नावं आली.

"धाकू..."

"हाय."

मागून आलं. वाटलं, कुणीतरी थट्टा करतंय. थांबायला हवं होतं, थांबता येईना. पांडू, हरी, गोविंद — तीन वेगळे आवाज, तीनदा "हाय". मग मी वडिलांचं नाव घेतलं.

काही नाही. बाहेर सायकलची घंटी वाजली तेवढीच.

वाणगावची एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, मागं कोन बसलंय?" नऊही जणांनी ऐकलं होतं. माना वळल्या. बाक रिकामे.

घरी आईला सांगितलं. चौघांबद्दल तिने काही विचारलं नाही.

"आनि त्याचा आवाज?"

"कोनी बोल्लं नाय."

"मंग वीस वरसं मी काय सांगते?"

अमावास्येला काका सामान घेऊन आले, ते मी तसंच परत पाठवलं.

थट्टा होती म्हणावं, तर पाचव्या नावाला गप्प का? मला अजून सांगता येत नाही. वडीलही कधी आले नाहीत. मी मात्र त्याच कॉलेजात कायम झालो, तोच पेपर निवृत्तीपर्यंत शिकवला. आईची पाटी सुटली. आणि ती गेली तेव्हा, बाजारात तिला बोलणाऱ्या त्याच बायकांनी तिला हिरवा चुडा भरला, कपाळभर कुंकू लावलं, आणि सवाशीण म्हणून नेलं.