डाळिंब्या सोलताना

वालाच्या डाळिंब्या आयत्या वेळी होत नाहीत. शुक्रवारी वाल भिजत घातले, रात्री उपसून फडक्यात बांधले, आणि रविवारी सकाळी छान मोड आले. दुपारी बहीण जेवायला येणार, म्हणून मी सगळं कागदावर लिहून फ्रिजला लावलं होतं. सोलणं, साडेनऊ ते दहा. अकरा वाजले तरी परात भरलेलीच होती, आणि कागदावरच्या खालच्या ओळी माझ्याकडे टक लावून बघत होत्या. काही न ठरवता धांदल झाली तर निदान कारण तरी सांगता येतं. सगळं ठरवूनही मागे पडलं, की आपल्यातच काहीतरी कमी आहे असं वाटायला लागतं.

समोरच्या फ्लॅटमधल्या काकू वाटी परत करायला आल्या. त्यांनी परातीकडे पाहिलं, खाली मांडी घातली आणि सोलायला लागल्या. किती राहिल्यात, कधी होणार, काही विचारलं नाही. त्यांच्या चिमटीतून दाणा सुळकन निसटून वाडग्यात पडत होता. माझ्या कागदावर वेळा होत्या, जिन्नस होते. शेजारी येऊन बसणारं माणूस मी कुठेच धरलं नव्हतं.

"काकू, तुमची कामं खोळंबतील," मी म्हणाले.

"खोळंबलीच आहेत. कणीकसुद्धा मळलेली नाही," त्या मान वर न करता म्हणाल्या. "तिथे एकटीला काही सुचेना, म्हणून तर इथे बसले."

मी परात दोघींच्या मध्ये सरकवली.