आबांचा जबाब

माझं तोंड फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणूनच गाडीत कुणाला घ्यायचं नाही असं मी ठरवलेलं होतं. न्हावऱ्याहून कुरकुंभला, औषधांच्या कंपनीतल्या लॅबमध्ये, मी रोज एकटीच गाडी चालवत जायचे आणि वाटेत कुणाशी बोलावं लागत नाही म्हणून खूश असायचे. पुढं पेट्रोल परवडेना. मग लॅबमधल्या एकीनं मोबाईल हातातून काढून घेतला आणि त्यात एक ॲप टाकून दिलं. आपण जाणार त्याच वाटेनं कुणाला जायचं असेल तर तो रिकामी सीट मागतो आणि खर्चातला वाटा उचलतो. बास, एवढंच.

पहिल्याच आठवड्यात दोघं मिळाले. एक दौंडच्या कॉलेजात मराठी शिकवणारे सर, आणि दुसरे आबा. आबा सत्तरीच्या पुढचे, धोतर-टोपीतले, बागायतदार. त्यांची सून मोबाईलवर त्यांची सीट धरायची, सोमवार, बुधवार आणि शुक्रवार. मला वाटलं, म्हाताऱ्याची कोर्टात तारीख असेल. तिसऱ्या खेपेला त्यांची बाही वर सरकली आणि हात दिसला. कोपराखाली शीर दोरखंडासारखी फुगलेली, सुयांचे डाग पडलेले. आबा कुरकुंभच्या दवाखान्यात डायलिसिसला जात होते. थेट एसटी नाही, आणि वडापच्या जीपमध्ये चेंगरून बसायचं तर तो हात कुठं ठेवायचा? त्या दिवशी मी ॲपमध्ये त्यांच्या सीटपुढं शून्य टाकलं. त्यांना सांगितलं नाही.

हीच माझी चूक. दोन महिन्यांनी सुनेकडून त्यांना ते कळलं. त्या बुधवारी आबा थांब्यावर नव्हते. शुक्रवारीही नव्हते. सोमवारी आले तेव्हा तोंड सुजलेलं, पायात चप्पल जात नव्हती आणि दोन वाक्यं बोलायलाही दम लागत होता. मी घाबरले. डॉक्टरांनी माझ्याच देखत त्यांना झापलं, की पुन्हा दोन खेपा चुकवल्या तर परत यायची गरज पडणार नाही. मग आबा येत राहिले. शून्याचा विषय गाडीत कुणी काढायचा नाही, हे आमचं तिघांचं न बोलताच ठरलं.

पुढं एका सकाळी पाटसच्या अलीकडं आरटीओच्या पथकानं गाडी बाजूला घेतली. माझ्या गाडीला पांढरी पाटी, म्हणजे घरची गाडी. भाड्यानं माणसं न्यायची तर पिवळी पाटी लागते. ॲपवाल्यांसाठी नवे नियम आले होते आणि त्यांचा मतलब सोपा होता: खर्च वाटून घ्या, धंदा करू नका. मला कसली भीती? इन्स्पेक्टरनं माझं ॲप बघितलं, सरांचा वाटा बघितला, मान हलवली. मग सहज मागं वाकून विचारलं, "आबा, तुम्ही काय देता?"

आबा ताठ झाले. "भाडं देतो की. रोजच्या रोज. हातावर ठेवतो बाईंच्या."

इन्स्पेक्टर काही वाईट माणूस नव्हता, पण आता तो काय करणार? ॲपवर शून्य आणि प्रवासी म्हणतो रोख भाडं देतो. म्हणजे ही बाई ॲपला चुकवून बाहेरच्या बाहेर पैसे घेते. त्यानं जबाब लिहिला, वाचून दाखवला. आबांनी ठसठशीत सही केली.

ॲपवाल्यांनी माझं खातं लगेच गोठवलं, आणि सुनावणी होईपर्यंत गाडीत परका माणूस बसवायचा नाही अशी नोटीस आली. मला आबांचा एवढा राग आला होता की समोर असते तर दोन शब्द सुनावले असते. कुणी मागितली होती यांची शान? पण संध्याकाळी चपाती लाटता लाटता ते सुजलेलं तोंड आठवलं आणि राग कुठल्या कुठं गेला. त्या आठवड्यात घरच्यांनी आबांना भाड्याच्या गाडीनं नेलं. सून म्हणाली, "ताई, असं किती दिवस जमंल?"

तोडगा सरांनी काढला. आम्ही आबांच्या पडवीत बसलो होतो. सर म्हणाले, "आबा, तुमच्याकडं सावड असायची ना? एकाचा एक बैल, दुसऱ्याचा एक, दोघांची मिळून औताची जोडी. त्यात पैसा नाही, धंदा नाही. साहेबाला सांगा, बाई आणि मी सावडीनं जातो, त्यालाच भाडं म्हणालो. खोटंही नाही आणि कमीपणाही नाही." मी सरांकडं बघतच राहिले. एका शब्दात गाडी सुटत होती, आबांचा दवाखाना सुटत नव्हता आणि टोपीही जागेवर राहत होती. आबा नुसतं "बघू" म्हणाले.

सुनावणी मंगळवारी होती. साहेब तरुण, शहरातला, समोर नियमांची जाड चळत. त्यानं जुना जबाब वाचला आणि विचारलं, "यात काही बदल करायचाय?"

"सावड," आबा म्हणाले.

"म्हणजे काय?"

आणि आबा सांगायला लागले. मी शेतकऱ्याची पोर. सावड हा शब्द लहानपणापासून कानावर पडलेला. पण मला वाटायचं, सावड म्हणजे काय, तर बैल द्यायचा आणि बैल घ्यायचा.

"ज्याच्या रानाला आधी वापसा, म्हंजी पेरणीजोगी ओल, त्याची पाळी आधी," आबा म्हणाले. "मंग त्यो पाटील का असंना. दिसाला दीस फेडायचा. ज्याच्या रानात औत, वैरण त्याची. बैल लंगडला तर ज्याच्या रानात लंगडला त्यानं बरा करायचा, आन् तवर आपला बैल द्यायचा. कुणाच्या घरी मयत झाली तर त्याची पाळी चुकत न्हाई, बाकीच्यांनी जाऊन पेरून द्यायचं."

"आणि एखाद्यानं परतफेड केलीच नाही तर?"

"काय न्हाई करायचं. भांडायचं न्हाई. पुढल्या साली त्याच्यासंगं कुणी जू जोडत न्हाई, बास."

साहेबानं पेन खाली ठेवलं. त्याच्या पुढ्यातल्या चळतीत जे प्रश्न होते, आधी कुणाचा नंबर, नुकसान कुणी भरायचं, खोटं वागणाऱ्याला बाहेर कसं काढायचं, ते सगळे या धोतरवाल्या माणसाच्या गावानं कधीच सोडवून ठेवले होते. लॅबमध्ये साध्या बाटलीवर लेबल लावायला आम्हाला चार पानांची कार्यपद्धत लागते. इथं एका शब्दात आख्खा कायदा होता आणि तो मोडायची कुणाची छाती होत नव्हती.

"हे कुठं लिहिलेलं आहे?" साहेबानं विचारलं.

"लिव्हायचं कशाला? समद्यांला ठाव असतंय."

साहेब हसला. मलाही हायसं वाटलं. त्यानं कागद पुढं ओढला आणि लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाला, "सदर प्रवासी सावड पद्धतीने, परस्पर सहकार्याने..."

"थांबा, साहेब," आबा म्हणाले.

सरांनी माझ्याकडं बघितलं.

"माझी दोन बैलांची जोडी हुती. निम्मं गाव माझ्यासंगं सावड करायचं. त्या शब्दाला बट्टा लावून मला घरी जायचं न्हाई." आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मी त्यांना टोपीशिवाय कधी पाहिलं नव्हतं. "सावडीत फेडायचं असतंय. ह्या बाई आठवड्यातनं तीनदा मला नेत्यात, आणत्यात. म्या काय फेडणार? माझ्याच्यानं आता काय फिटत न्हाई. त्या दिवशी म्या खोटं बोललो. बाईंनी माझ्याकनं छदाम घेतला न्हाई. लिव्हा साहेब, फुकट बसतो."

साहेब म्हणाला, "आबा, 'विनामोबदला' लिहितो."

"फुकट लिव्हा. मला वाचाय येतंय."

साहेबानं तसंच लिहिलं. आबांनी पहिल्यासारखीच ठसठशीत सही केली आणि टोपी घातली. प्रकरण मिटलं. ॲपवाल्यांना पत्रही गेलं.

परतीच्या वाटेवर मला एक शब्द बोलता आला नाही, मला, जिला गप्प बसायला सांगून घरचे थकलेत. कसल्या मातीची असतात ही माणसं? आम्ही त्यांना अब्रू झाकायला चांगला शब्द आणून दिला होता, आणि त्यांनी शब्दाची अब्रू राखली, स्वतःची उघड्यावर टाकून. खरं सांगते, मला त्यांच्या पाया पडावंसं वाटत होतं. पण त्याहून मोठी धास्ती उद्याची होती. शून्य कळलं तेव्हा हा माणूस दोन खेपा आला नव्हता. आता तर कागदावर सही करून आलाय.

बुधवारी सकाळी मी वेळेआधीच निघाले. थांब्यापाशी आले तर आबा उभे. दाढी केलेली, धोतर परीटघडीचं, तो हात छातीशी जपून धरलेला. पाच-सहा माणसं एसटीची वाट बघत होती, सगळी गावातली, त्यांना ओळखणारी. आबांनी खिडकीतून आत बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं,

"बाई, फुकट्यानं म्होरं बसायचं का मागं?"