हात न लावता

काकू गेल्याची तार भोपाळला माझ्या कार्यालयात आली, तेव्हा दुपारचा चहा व्हायचा होता. साहेबांनी तार हातात दिली आणि नेहमीपेक्षा हळू आवाजात म्हणाले, "आप निकल जाइए।" मिळेल त्या गाडीनं बुऱ्हाणपूर गाठलं, तोवर सगळं आटोपलं होतं. गल्लीतल्या लोकांनी काही कमी पडू दिलं नव्हतं. काकू झोपेतच गेली. आजारपण नाही, कुणाकडून सेवा करून घेणं नाही. कुणाचा हात लागू न देता जगलेली बाई तशीच गेली, असं मी त्या दिवशी मनात म्हणालो.

काकू म्हणजे माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. काका लवकर गेले, तिला मूलबाळ नव्हतं, आणि माझी आई मी लहान असतानाच वारलेली. त्यामुळे मला वाढवलं ते तिनंच. बुऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यात तिचं भाड्याचं घर होतं. पुढं ओसरी, मग माजघर, मग स्वयंपाकघर आणि त्यातच देव. तिचं सोवळं गल्लीत प्रसिद्ध होतं. अंघोळ झाल्यावर आम्हा पोरांनाही ती दोन हात लांब उभं करायची. "काकू, तुझ्या सोवळ्याला वाऱ्याचाही विटाळ होतो," असं मी चिडवायचो. ती चिडत नसे. "मग वाऱ्यानं लांबून जावं," म्हणायची.

अशा बाईच्या गळ्यात मी एक कुत्रं बांधलं.

नवा मध्य प्रदेश झाला, नागपूर सुटलं, भोपाळ राजधानी झाली आणि आमच्यासारख्या कारकुनांच्या बदल्यांचे हुकूम निघाले. भोपाळात क्वार्टर अजून बांधून व्हायची होती. आम्ही कारकून मंडळी एका खोलीत दाटीवाटीनं राहत होतो. माझी बायको नलू मुलांना घेऊन माहेरी गेली. उरला पेंद्या. टांग्याच्या चाकाखाली त्याचा मागचा पाय गेला होता, तेव्हा मी त्याला रस्त्यावरून उचलून आणलं होतं. लंगडा म्हणून नाव पेंद्या. त्याला बाहेर सोडायची सोय नव्हती, गल्लीतली कुत्री टपूनच असायची. मी काकूला विचारलं, तेव्हा ती तांदूळ निवडत होती.

"ठेव ओसरीवर," ती मान वर न करता म्हणाली. "मी त्याला हात लावणार नाही. आणि ज्या दिवशी तो उंबऱ्याच्या आत आला ना, त्या दिवशी खकनारला धाडीन."

खकनारकडे आमच्या ओळखीच्यांचं शेत होतं आणि शेतावर राखणीची दांडगी कुत्री होती. तिथं तीन पायांच्या पेंद्याचं काय झालं असतं, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

पहिले काही दिवस वाईट गेले. पेंद्यानं चपला खाल्ल्या, केरसुणी खाल्ली, शेजारच्या सुमनबाईंची चटई कुरतडली आणि उरलेल्या वेळात तो भुंकला. सुमनबाईंच्या घरी माग होता. त्या खटखटाटातही त्याचं भुंकणं ऐकू येई, म्हणजे बघा. मी सुट्टीला आलो तेव्हा आता खकनारच, अशी मनाची तयारी करूनच आलो होतो. पण काकू म्हणाली, "रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसं झालं होतं त्याचं. पोट भरलेलं, डोकं रिकामं. आता मी त्याला काम लावून दिलंय."

ते काम मी ओसरीवर बसून पाहिलं. ताटलीत भाकरी वाढणं तिनं बंदच केलं होतं. घमेल्यात भुसा, भुशात फुटाणे. पेंद्या नाक खुपसून एकेक फुटाणा हुडकून काढायचा आणि शिंकत राहायचा. केळीच्या खांबाची सोपटं बाजारात फुकट मिळत, त्यांत भाकरीचा तुकडा गुंडाळून ती सुंभानं बांधायची. सोपट फाडण्यात त्याची सकाळ जायची आणि चपला वाचायच्या. करवंट्या पालथ्या घालून एकीखाली गूळ ठेवायची आणि चुलीजवळच्या लांब चिमट्यानं त्या इकडच्या तिकडे सरकवायची. सुमनबाईंकडच्या मागाच्या रिकाम्या कांड्या काठीनं ढकलून ओसरीभर पळवायची. आणि सगळ्यांत अवघड म्हणजे गाठोडी. जुन्या लुगड्याच्या चिंधीत भाकरी बांधायची, आधी एक गाठ, मग दोन. चिंधी फाडली तर भाकरी नाही, गाठ सोडली तरच. हे सारं उंबऱ्याच्या आत उभं राहून, चिमट्यानं, काठीनं, नाही तर वरून टाकून. हात कुठंही नाही!

"काय करून राहिला रे तू? उलट्या बाजूनं ओढतोय, गाढवा," ती आतून ओरडायची. पेंद्या कान टवकारून पुन्हा गाठीला लागायचा. मी शाळेत असताना गणित चुकलं की मला ती याच आवाजात ओरडायची...

या गाठींनीच एकदा घात केला. सत्यनारायण होता, मी रजेवर होतो. गुरुजी आले, त्यांनी पूजेच्या सामानाचं गाठोडं ओसरीवर ठेवलं आणि पाय धुवायला गेले. परत येतात तो पेंद्यानं गाठ सोडून फडकं पसरलेलं, खारका खाल्लेल्या, सुपाऱ्या एका बाजूला सारलेल्या. फडक्याला एक दात लागला नव्हता. गुरुजी संतापले. "हे कुत्रं ज्या घरात, त्या घरात मी पुन्हा येणार नाही," म्हणाले. आता पेंद्याची रवानगी खकनारला, असं मी धरून चाललो. सोवळ्याच्या बाबतीत काकू सख्ख्या भावाचंही ऐकत नसे, आणि हे तर गुरुजी.

काकू उंबऱ्यात येऊन उभी राहिली. आधी फडक्याकडे बघितलं, मग पेंद्याकडे.

"तो आत आला नाही, गुरुजी," ती म्हणाली. "गाठोडं तुम्ही त्याच्या बाजूला ठेवलंत."

मग मला खारका आणायला पिटाळलं. पूजा झाली. पुढच्या वर्षी गुरुजी आले आणि बोलता बोलता गाठोडं खुंटीला अडकवून मोकळे झाले.

पुढं मला क्वार्टर मिळालं, नलू आणि मुलं आली, आणि मी पेंद्याला न्यायला गेलो. "ने की, तुझंच आहे," काकू म्हणाली. टांगा दारात आला आणि पेंद्या बसकण मारून जागचा हलेना. टांगा म्हणजे काय हे त्याच्या पायाला माहीत होतं. माझ्या खांद्यावर ट्रंक, टांगेवाला बुजलेलं घोडं धरून उभा, गाडीची वेळ होत आलेली. काकू ओसरीच्या पायऱ्या उतरली, वाकली आणि तिनं पेंद्याला दोन्ही हातांनी उचलून टांग्यात ठेवलं. त्यानं अंग आखडून घेतलं. तिचा हात कसा असतो हे त्याला कुठं ठाऊक होतं! मी नुसता बघत राहिलो.

"बघतोस काय? जा, गाडी चुकेल. मला पुन्हा अंघोळ करायचीय," ती म्हणाली आणि आत गेली. नलूला मी हे हसत हसत सांगितलं होतं.

ती भोपाळला कधी आली नाही. तिथं माझं सोवळ्याचं पाणी कोण भरणार, म्हणायची. मी गेलो की एवढंच विचारायची, "गाठी सोडतो का अजून?" सोडतो, मी सांगायचो. खरंच सोडत होता. ताटलीत वाढलेलं त्याला अन्न वाटतच नसे, त्यामुळे आमच्या क्वार्टरात रोज कुणी ना कुणी भाकरी लपवत असे.

तेराव्याला मंडळी पांगल्यावर सुमनबाई ओसरीवर येऊन बसल्या. पेंद्याची चौकशी केली. म्हातारा झाला, मी म्हणालो.

"तुम्ही कुत्र्याले घेऊन गेले ना भाऊ, त्या दिवशी काकू घरात थांबल्याच नाही. टांगा वळला अन् बाहेर येऊन इथंच बसल्या. जेवल्या नाही. सांजच्याला मला म्हणे, सुमन, देवापुढं दिवा तूच लाव. म्या म्हटलं, काकू, पाणी तापवून देते ना, अंघोळ करून घ्या. तर हात असे मांडीवर ठेवून बसलेल्या..."

सुमनबाईंनी स्वतःचे दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवून दाखवले.

"म्हणे, राहू दे गं. आजचा दिवस राहू दे."