हौसेचं घड्याळ

आमच्या ह्यांनी रिटायर झाल्यावर इंदूरहून परदेशी घड्याळ आणलं, तेव्हाच मी धसकले. तेव्हा कारण फक्त पैशाचं होतं. देवासच्या कारखान्यात ह्यांचा उभा जन्म गेला. मशीनवर घड्याळ घालायला बंदी, त्यामुळे मनगट कायम मोकळं. आता ते सजवायची हौस आली होती, तीही स्कूटरच्या किमतीची!

धारहून माझा दादा आला. शाळामास्तर, पै पै जपणारा. घड्याळ उलटंपालटं करून म्हणाला, "जावईबापू, ह्याला रोज चावी द्यायची?"

"चावी नाही, सेल नाही. हात हलला की आतलं चाक फिरतं, त्यावर चालतं. हात स्वस्थ बसला की हेही थांबतं."

"म्हणजे एवढे पैसे ओतून वर घड्याळाची चाकरीही आपणच करायची? साधं सेलचं घड्याळ खुंटीवर टांगलं तरी चालतं."

"हौसेला मोल नसतं, दादा," हे हसले.

दोनेक वर्षं बरी गेली. कारखान्याचा भोंगा झाला की हे मनगट डोळ्यांसमोर धरत आणि मान डोलावत. मग घड्याळ मागे पडू लागलं. पुढे पुढे सकाळी बघावं तर बंदच. दादाच्या हाती आयतं कोलीत मिळालं. चौकातल्या घड्याळवाल्याने ते उघडून पाहिलं आणि परत दिलं. "भिया, घडी में तो कईं खराबी नी है." ह्यांचा चेहरा उतरला. खराबी काही नाही, तरी बंद पडतं, म्हणजे आपण फसलो, असं त्यांच्या मनाने घेतलं.

सकाळी आम्ही टेकडीवर फिरायला जायचो. ह्यांचा उजवा हात झुलायचा, डावा अंगाला चिकटलेला. "घड्याळाला वारा लागेल म्हणून हात जपताय का?" मी चिडवायचे.

"कुठे जपतोय?" हे खरंच गोंधळून विचारायचे.

शेवटी एकदा मीच ते घड्याळ मनगटावर चढवलं. ते घालूनच कणीक तिंबली, धुणं पिळलं, अंगण झाडलं. दुसऱ्या सकाळी चालू होतं. तिसऱ्याही. भोंगा झाला तेव्हा काटे अगदी बरोबर जागेवर होते. सांगायला म्हणून मी खोलीच्या दारात गेले. हे शर्टाची बटणं लावत होते. एकट्या उजव्या हाताने. डावा नुसता खाली लोंबत होता. मी माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग त्या हाताकडे.

"चालतंय?" ह्यांनी विचारलं.

"चालतंय."

"बघ! सांग तुझ्या दादाला, पैसे वसूल झाले म्हणून."

कित्येक महिन्यांत ह्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं. ते घड्याळ खराब निघायला हवं होतं. सगळे पैसे पाण्यात गेले असते, तरी मी हूं की चूं केलं नसतं.