गुरुवारचं बोर्ड

जिल्हा रुग्णालयाच्या बाकावर माझ्या शेजारी एक गरोदर बाई एकटीच बसली होती. बाळाची कवटीच तयार झालेली नाही, तिनं मला सांगितलं. चोवीस आठवडे उलटले होते, म्हणून गर्भपाताला आता डॉक्टरांच्या बोर्डाची परवानगी हवी होती.

"बोर्ड गुरुवारी बसेल," क्लार्क म्हणाला.

तिचा हात सवयीनं पोटाकडे गेला आणि मध्येच थांबला.

कायद्याला कुठंतरी रेघ मारावीच लागते. मुली पोटातच संपवणाऱ्या गावात मी वाढले, मला ते कळतं. पण रेघ मारणाऱ्यांनी असा मध्येच थांबलेला हात कधी पाहिला असेल का?

"गुरुवारी कसं जमेल?" ती हळूच म्हणाली. "गुरुवारी माझं डोहाळजेवण आहे. घरी अजून कुणालाच सांगितलं नाही मी."